तुमचे घड्याळ मागे आहे

‘सुरूच होत नाही.’

संगणकाच्या तक्रारी ऐकत माझी वीस-बावीस वर्षे गेली, आणि त्यातल्या निम्म्या याच तीन शब्दांत आलेल्या आहेत. डॉक्टरकडे जाऊन नुसते ‘बरं वाटत नाही’ म्हणावे, तसे हे आहे. काय सुरू होत नाही, कुठवर येऊन थांबते, शेवटचे कधी चालले होते, पडद्यावर काय लिहून आले, असे विचारले की समोरचा माणूस गोंधळतो. पडद्यावरचे कुणी वाचलेलेच नसते. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम २००२ साली सुरू झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी कल्याणला शिकवू लागले. पहिल्या तुकड्यांमध्ये आपल्या मोहल्ल्यातल्या मुली बऱ्याच होत्या. चौकटीत इंग्रजी वाक्य आले की त्या आधी ती चौकट बंद करायच्या आणि मग मला हाक मारायच्या. ‘काय लिहिलं होतं?’ ‘मॅडम, काहीतरी एरर होता.’ एरर म्हणजे मशीन रागावले, आणि रागावलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे नसते, असा काहीसा समज. मी पहिला धडा हाच द्यायची : चौकट मिटण्याआधी वहीत उतरवून घ्या, अर्थ मागून बघू.

यंत्राचे ऐकून घ्यायला शिकवणे, एवढेच खरे तर माझे काम. बाकीचे मुली आपले आपण शिकतात.

जुलै २०२५मध्ये हीच तीन शब्दांची तक्रार माझ्या भाच्याने फोनवरून केली. तो राहतो उंबरमाळीला. कल्याणहून कसारा लोकल धरली की शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, थानसीत, खर्डी आणि मग उंबरमाळी. पुढचे स्टेशन कसारा, म्हणजे लोकलचा शेवट आणि घाटाची सुरुवात. पाऊस इथे कसा पडतो ते सांगायला जुलै २०२१ आठवला तरी पुरे. तेव्हा या स्टेशनात पाणी फलाटाला लागले होते आणि कसाऱ्याकडची गाडी बंद पडली होती. मुंबईला पाणी पाजणारी तानसा, भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यातली, आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्याच पाड्यांवर टँकर येतात. हे इतक्या वेळा लिहून झाले आहे की मी त्यात भर घालत नाही.

आमच्या भाईजानने इथे घर बांधले ते हायवेमुळे. पंधरा वर्षे तो मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवत होता. रात्री घाट उतरून आल्यावर गाडी लावायला जागा हवी आणि चार तास पाठ टेकायला आपले छप्पर हवे, एवढाच हिशेब. आजूबाजूला सगळी ठाकर, कातकरी, कुणब्यांची घरे. आपले म्हणावे असे शेजारात एकच घर, ते आमचेच. तक्रार कसलीही नाही. ईदला खिरापतीसारखा शिरखुर्मा वाटला जातो आणि गौरीगणपतीत भाभींच्या ओट्यावर मोदक येतात. फक्त जुम्म्याला बाहेरगावी जावे लागते. आता भाईजान सौदीत, दम्मामला ट्रेलर चालवतो. घरी येऊन त्याला तेव्हा अडीच वर्षे झाली होती.

आता त्या तक्रारीकडे. सुरू होत नव्हता तो संगणक नव्हे, संगणकातला खेळ. आणि खेळही नव्हे, खेळाच्या दारावरचा रखवालदार. त्याचे नाव स्टीम. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचा मुलगा आहे त्यांनी हे नाव ऐकलेले असेल. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह या कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी ते काढले. आधी हेतू साधा होता : आपल्या खेळांच्या नव्या आवृत्त्या लोकांच्या संगणकांवर परस्पर पोहोचवाव्यात. पुढल्याच वर्षी, २००४मध्ये, ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ आला तेव्हा दुकानातून डबा विकत आणणाऱ्यालाही स्टीमवर नाव नोंदवल्याशिवाय तो खेळता येईना. लोक चिडले होते. मग सवय झाली. आज खेळ विकणारे दुकान, विकत घेतलेला खेळ ठेवायचे कपाट आणि कपाटाची किल्ली सांभाळणारा माणूस, हे तिन्ही तोच. अशा प्रोग्रॅमला क्लायंट म्हणतात. तो राहतो आपल्या संगणकात, पण बोलतो दूरच्या सर्व्हरशी. आणि तो उठला नाही तर तुमचा खेळ तुमच्याच डिस्कवर पडून असला तरी काही उपयोग नाही.

२०२४पासून स्टीम खरेदीच्या वेळी स्पष्ट लिहिते, की तुम्ही खेळ विकत घेत नसून तो वापरण्याचा परवाना घेत आहात. कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला म्हणून हे छापावे लागले. आमच्या अब्बांना हे सांगितले असते तर ते म्हणाले असते, मग पागडीची खोली आणि हे यात फरक काय?

भाच्याचा खेळ ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने २०१२मध्ये काढलेला. त्यात मारामारी नाही, बंदूक नाही, गुणसुद्धा धड नाहीत. ट्रक घ्यायचा, माल भरायचा, युरोपातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचा. सिग्नल तोडला तर दंड. झोप आली तर गाडी बाजूला लावून झोपायचे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसू आले. जे काम करून भाईजानची कंबर गेली ते काम कुणी पैसे देऊन खेळ म्हणून करते? पण २०२१मध्ये त्यात एक सोय आली. आठ जणांपर्यंत लोक आपापल्या घरी बसून एकाच रस्त्यावर, एकामागे एक गाड्या चालवू शकतात. ताफा म्हणा हवे तर. भाच्याने स्वतःचा खेळ घेतला, बापाच्या लॅपटॉपवर दुसरा घ्यायला लावला, आणि दर जुम्म्याला रात्री दहा वाजता, म्हणजे दम्मामला साडेसात, मगरिब झाल्यावर, बापलेक गाड्या काढू लागले. बाप पुढे, मुलगा मागे.

खेळांबद्दल आपल्याकडे काय बोलले जाते ते मला माहीत आहे. लहव, लअब, वेळेची नासाडी. पुष्कळदा ते खरेही असते. रात्र रात्र मोबाईलवर गोळ्या झाडणारी पोरे मीही पाहते. पण इथली गोष्ट वेगळी होती. भाईजान फोनवर बोलणारा माणूस नाही. ‘सगळं ठीक? पैसे मिळाले? बरं.’ दोन मिनिटांत संपले. व्हिडिओ कॉलवर तर तो चोरासारखा इकडेतिकडे बघत राहतो. पण हातात स्टिअरिंग आले की बोलतो. ट्रकच्या केबिनमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाची ती खोड असावी. समोर रस्ता हवा, तोंडाकडे कुणी बघू नये, मग शब्द येतात. कुठल्या तरी ऑस्ट्रियातल्या उतारावर मुलाची गाडी घसरायला लागली की दम्माममधून आवाज येतो, ‘ब्रेकवर पाय दाबून ठेवू नको, गरम होईल. गिअर खाली घे. इंजिनला धरू दे गाडी. कसारा उतरताना आम्ही काय करायचो?’ आणि मग कसारा घाटाची गोष्ट निघते, धुक्याची, क्लीनर मुलाची, एका पावसाळ्यातल्या रात्रीची. भाभी मागे बाजेवर तांदूळ निवडत बसलेल्या असतात. त्यांना पडद्यातले काही कळत नाही. त्या ऐकतात. लग्नाला वीस वर्षे झाली, यातल्या निम्म्या गोष्टी मी पहिल्यांदा ऐकल्या, असे त्या मला म्हणाल्या होत्या.

त्या जुलैतल्या एका जुम्म्याच्या आधी चार दिवस भाच्याचा फोन आला. ‘फुफू, स्टीम सुरूच होत नाही.’ आणि त्यामागून दुसरी गोष्ट. शनिवारपासून भाईजानची ड्युटी आत वाळवंटातल्या एका साईटवर लागणार होती, तीन महिने. तिथे लॅपटॉप चालणार नव्हता. म्हणजे हा जुम्मा गेला की पुढचा थेट ऑक्टोबरात.

मी विचारले, पडद्यावर काय येते? माझ्या हाताखाली न शिकलेल्या पोराने शब्द न् शब्द वाचून दाखवला, याचा मला फार आनंद झाला. लहानशी चौकट येते, अपडेट तपासतो म्हणते, थोडा वेळ जातो, मग म्हणते अपडेटसाठी ऑनलाइन असावे लागते, तुमची जोडणी तपासा. आणि मिटते. ‘पण फुफू, नेट तर आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट लावलाय आणि मोबाईलवर सगळं चालतंय.’

असा क्लायंट उठताना पायरीपायरीने उठतो. आधी स्वतःची नवी आवृत्ती आली आहे का बघतो. मग तुमचे नाव-संकेतशब्द सर्व्हरला दाखवून आत येतो. मग आपल्या खिडक्या रंगवतो, आणि त्या रंगवायला त्याच्या पोटात एक छोटा ब्राउझरच असतो. कुठल्या पायरीवर अडला ते कळले की अर्धे काम झाले. मी फोनवरून एकेक सांगत गेले. संगणक पूर्ण बंद करून चालू कर. टास्क मॅनेजर उघड, स्टीमच्या नावाचे जे जे अर्धवट जागे असेल ते मार. पुष्कळदा आधीचाच एक अडकून बसलेला असतो आणि नव्याला आत येऊ देत नाही. डिस्कवर जागा आहे का बघ. अँटिव्हायरसने त्याला अडवले आहे का बघ. विंडोज कोणते? दहा. मग ठीक, कारण १ जानेवारी २०२४पासून विंडोज ७ आणि ८वर स्टीमने हात वर केले आहेत. तो प्रश्न असता तर माझ्या हातात काही नव्हते. यातल्या कशानेही फरक पडला नाही.

शेवटचा घरगुती उपाय म्हणजे स्टीमच्या फोल्डरमधले तीन सोडून बाकीचे सगळे काढून टाकायचे. तो स्वतःला नव्याने बांधून घेतो. ते तीन म्हणजे ‘स्टीमअ‍ॅप्स’, ‘युजरडेटा’ आणि खुद्द स्टीमचा प्रोग्रॅम. पहिल्यात उतरवून घेतलेले खेळ असतात. तो फोल्डर चुकून गेला तर दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाईलच्या नेटवर खेळ पुन्हा उतरवून घ्यायला किती दिवस लागतील याचा हिशेब त्याने मला लगेच करून दाखवला. मी म्हटले, मग हे राहू दे, मी आल्यावर करू. जो आपली जोडणीच होत नाही म्हणतो, त्याला मोडून पुन्हा बांधायला सांगायचे तर तो बांधणीचे सामान आणणार कुठून?

दरम्यान पोराने घाईने संगणक बाजारातल्या एका दुकानात नेऊन दाखवला होता. दुकानदाराने बघितल्या न बघितल्यासारखे केले आणि सांगितले, ‘फॉरमॅट मारू.’ फॉरमॅट मारणे हा आपल्याकडचा रामबाण आहे. डोके दुखते, डोके बदला. त्यात विंडोज नवे होते आणि माणसाचे जे जे जुने ते सगळे जाते. या खेळाची प्रगती ‘डॉक्युमेंट्स’मधल्या एका फोल्डरात साठते. क्लाउडवर ठेवायची खूण प्रोफाइल बनवताना केलेली नव्हती. दोन वर्षांत बापलेकांनी कुठे कुठे माल टाकला, कोणता ट्रक कधी घेतला, त्याचा रंग बापाच्या जुन्या गाडीसारखा हिरवा कसा केला, सगळे त्या एका फोल्डरात. भाच्याने ‘फुफूला विचारतो’ म्हणून संगणक परत उचलून आणला. शहाणा मुलगा.

गुरुवारी संध्याकाळी मी कसारा लोकल धरली. आसनगावला अर्धी गाडी रिकामी झाली, खर्डीनंतर डब्यात आम्ही चौघी. पाऊस होताच. घरी पोहोचले तेव्हा वीज नव्हती. ती रात्री अकराला आली आणि मग कुणीच संगणकाला हात लावला नाही.

जुम्म्याला सकाळी भाच्याने माझ्यासमोर संगणक चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या दोन ओळी आल्या आणि मी वाचेपर्यंत त्याने एक बटण दाबले. ओळी गेल्या.

‘काय दाबलंस?’

‘एफ वन. दाबलं की पुढे जातं.’

‘रोज दाबतोस?’

‘हल्ली रोज विचारतं. तीन-चार आठवडे झाले असतील.’

मी काही बोलले नाही. तोवर त्याने स्टीमवर क्लिक केले होते, चौकट आली, चौकट गेली. मी म्हटले, ब्राउझर उघड, आपण स्टीमची नवी प्रत उतरवून घेऊ. तो म्हणाला ब्राउझर मी यावर कधी उघडत नाही, सगळे मोबाईलवरच करतो, हा फक्त खेळायला. उघडला. पान आले नाही. त्याऐवजी घड्याळाचे एक चित्र आले आणि खाली लिहिले होते : तुमचे घड्याळ मागे आहे.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, तारीख होती १ जानेवारी २०१२.

हे कसे झाले ते सांगायला हवे, कारण हा घोटाळा खेड्यापाड्यांतल्या जुन्या संगणकांत पुष्कळ आढळतो आणि त्याला फॉरमॅटची गरज नसते. १९८१ साली आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालू केला की आधी विचारायचा, आज तारीख काय? वेळ काय? त्याला स्वतःचे घड्याळ नव्हते. १९८४च्या ‘एटी’ मॉडेलपासून मदरबोर्डवर घड्याळ आणि त्याला एक बॅटरी आली. आज ती बॅटरी म्हणजे रुपयाच्या नाण्यासारखा गोल चपटा सेल, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब तीन व्होल्ट. नावातच माप आहे. त्याच्या जोरावर एक छोटासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा निम्मा करत गेले की पंधराव्या खेपेला बरोबर एक उरतो, तोच एक सेकंद. संगणक बंद असो, वीज गेलेली असो, घरात सगळे झोपलेले असोत, तो मोजत राहतो.

जुन्या मशिदींत मुवक्कित नावाचा माणूस असे. सूर्य आणि तारे बघून नमाजच्या वेळा काढणे हे त्याचे काम. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अश-शातिर हा थोर खगोलशास्त्रज्ञ मुवक्कित होता. बांग देणारा सगळ्यांना ऐकू येतो, मुवक्कित कुणाला दिसत नाही. हा तीन व्होल्टचा सेल संगणकाचा मुवक्कित आहे. तो गेला की संगणक बांग देतोच, पण भलत्या वेळेची.

आता घड्याळ मागे गेले तर इंटरनेट का बंद पडावे? कारण दोन यंत्रे एकमेकांशी गुप्तपणे बोलू लागण्याआधी सर्व्हर आपले ओळखपत्र दाखवतो. त्यावर लिहिलेले असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध. सर्व्हर दाखवत होता २०२५चे पत्र. भाच्याचा संगणक २०१२ सालात बसून ते वाचत होता आणि म्हणत होता, हे अजून लागूच झालेले नाही, हा माणूस खोटा. दरवाजा बंद. स्टीम बिचारा बाहेर येऊन एवढेच सांगू शकत होता, की जोडणी होत नाही. ते खोटे नव्हते. कारण मात्र त्याला ठाऊक नव्हते. मोबाईल टॉवरकडून वेळ घेतो म्हणून मोबाईल चालत होता.

वाचक म्हणतील, विंडोज तर घड्याळ आपोआप नेटवरून लावते. लावते, पण घरगुती संगणकात फरक पंधरा तासांहून जास्त दिसला तर ते हात आखडते. इतकी मोठी चूक आपलीच नसून समोरच्याची असेल, असे त्याला वाटते. साडेतेरा वर्षांचा फरक त्याने नाकारला यात नवल नाही.

राहिला प्रश्न, हे याच वर्षी जूनमध्ये का सुरू झाले? सेल काही एका रात्रीत मेला नव्हता. मी भाभींना विचारले, महिन्याभरात घरात काय बदलले? त्या म्हणाल्या, काही नाही. मग थोड्या वेळाने, चहा गाळताना : ‘शेजारी वीज पडून त्यांचा टीव्ही जळाला, तेव्हापासून मी रात्री सगळे प्लग काढून ठेवते.’ झाले. प्लग लावलेला असेल तर संगणक बंद असतानाही आत थोडी वीज खेळत असते आणि घड्याळ तिच्यावर चालते. मधे तासभर वीज गेली तर उरलासुरला सेल निभावून नेत असणार. सेल केव्हाचा म्हातारा झाला होता, पण प्लगच्या आधाराने उभा होता. भाभींनी रात्र रात्र आधार काढला आणि तो बसला. रोज सकाळी मशीन सांगत होते, माझी बॅटरी गेली, तारीख विसरलो. आणि रोज सकाळी भाचा एफ वन दाबून त्याला गप्प करत होता. भाभींनी केले ते अगदी बरोबर होते. कसाऱ्याच्या पट्ट्यातल्या विजा बघितलेल्या माणसाने दुसरे काय करावे?

भाच्याने घड्याळ लावायला घेतले तेव्हा मला गंमत वाटली ती आमच्याच घरातल्या वेळांची. भाईजान अडीच तास मागे. १४४७ सालचा मोहरम त्याच्याकडे २६ जूनला लागला, आपल्याकडे २७ जूनला. आणि ज्या रेल्वेने मी आले त्या रेल्वेच्या या मुंबईत एकेकाळी दोन वेळा चालत होत्या. भारतीय प्रमाणवेळ १९०६पासून लागू झाली, पण मुंबई आपल्या जुन्या वेळेला, एकोणचाळीस मिनिटे मागे, १९५५पर्यंत चिकटून होती. गाडी एका घड्याळाने सुटायची आणि माणूस दुसऱ्या घड्याळाने घरून निघायचा. लोकांनी ते पन्नास वर्षे निभावले. माणसाला दोन वेळा डोक्यात ठेवता येतात. यंत्राला येत नाहीत.

तारीख लावली, वेळ लावली, भारताचा पट्टा बरोबर आहे का पाहिले, स्टीमवर क्लिक केले. चौकट आली, अपडेट उतरवून घेऊ लागली. वीस मिनिटे लागली. मग दार उघडले. पोरगा ओरडलाबिरडला नाही, त्याने फक्त आधी हिरवा ट्रक जागेवर आहे का ते बघितले.

मी एवढेच बजावले की रात्रीपर्यंत प्लग काढायचा नाही. दिवसभर ढग दाटलेले. भाभी खिडकीतून आभाळ बघायच्या आणि मग प्लगकडे बघायच्या. दोनदा गडगडले. त्या काही बोलल्या नाहीत, प्लगलाही हात लावला नाही.

रात्री दहाला भाईजानची गाडी एका पेट्रोलपंपाच्या कडेला उभी दिसली, चारही इंडिकेटर लावून. ‘किती वेळ उभा आहे मी,’ तो म्हणाला. खरे तर तो पाच मिनिटे आधी आला होता. मग निघाले. पहिला अर्धा तास डिझेल, वळणे, मागे राहू नको, एवढेच. नंतर एका लांब सरळ रस्त्यावर तो आपण होऊन म्हणाला की साईटवर उष्णता फार आहे म्हणतात, तीन महिने निघून जातील, पण गुडघा पूर्वीसारखा राहिला नाही. क्लच दाबताना कळ येते. हे त्याने घरी कधी सांगितले नव्हते. भाभींचा तांदळातला हात थांबला. त्या माइकजवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टरला दाखवून मग जा.’ तिकडून थोडा वेळ फक्त इंजिनाचा आवाज. मग, ‘तू पण आहेस होय?’

‘मी रोजच असते,’ भाभी म्हणाल्या.

मुलाने या सगळ्यात एक शब्द काढला नाही. त्याने गाडी नीट मागे ठेवली, अंतर राखून. ते दोघे बोलत राहिले, आणि माल पोहोचला तेव्हा इथे साडेबारा होऊन गेले होते.

सेल मी कल्याणहून पाठवला. त्यांच्या शेजारचा एक मुलगा रोज कल्याणला कामाला येतो, त्याच्या खिशातून तो सोमवारच्या लोकलने गेला. कसा बसवायचा ते मी फोनवर सांगितले : आधी प्लग काढ, लिहिलेली बाजू वर ठेव, जुना नखाने उचल, स्क्रू ड्रायव्हर घालू नको. भाच्याने नव्या सेलवर मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आणि जुना कपाटाच्या खणात ठेवला, का ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एफ वन विचारले नाही.

मग फोन भाभींनी घेतला. ‘आता रात्री प्लग काढला तर चालेल ना?’

म्हटले, बिनधास्त काढा.